येऊरच्या पायथ्याशी सहा ठिपक्यांचा भुंगेरा कसा पाहावा

ठाण्यातल्या शिवाईनगरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. 27 वर्षं झाली. रात्री शटर ओढून घरी निघालं की समोर येऊरचा डोंगर काळा दिसतो, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की तिकडून ओल्या पाल्याचा वास येतो. अशाच एका रात्री साडेनऊच्या सुमाराला सोसायटीच्या गेटाशी आमचे वॉचमन काका हातात चप्पल घेऊन उभे होते. "ताई, बाजूला व्हा. झुरळ आहे, केवढं मोठं बघा."

मी त्यांचा हात धरला. झुरळ तसं चालत नाही. उजेडात सापडलेलं झुरळ सैरावैरा धावतं. हा अंग जमिनीपासून उचलून, लांब पाय टाकत, सरळ भिंतीकडे चालला होता. काळाकुळकुळीत, माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढा, पाठीवर पांढऱ्या टिकल्या. मोजल्या, तर बरोबर सहा. दोन मानेमागच्या ढालीवर, चार पंखांवर.

माझा भाचा तेव्हा प्राणिशास्त्र शिकत होता. त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "मावशी, हात लावू नकोस, तो ॲसिड मारतो! पण काकांना सांग, मारू नका म्हणून." नाव त्यानेच सांगितलं, अँथिया सेक्सगुटाटा. लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा आणि गुटा म्हणजे थेंब. फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1775 साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी ज्याने तो पाहिला, त्यालाही आधी ते सहा थेंबच दिसले. मराठीत मी त्याला सहा ठिपक्यांचा भुंगेरा म्हणते. जमिनीवर राहून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कॅराबिडी कुळातला हा. जगभरात या कुळात सुमारे 40,000 जाती आहेत.

तेव्हापासून आठ पावसाळे मी त्याच्या मागावर आहे. पोखरण रोड नंबर 2, वसंत विहार, उपवन, घोडबंदर रोडची डोंगराकडची बाजू, इथे राहणाऱ्यांच्या दारापर्यंत हा प्राणी येतो आणि बहुतेक वेळा चपलेखाली जातो. तो पाहायला फार काही लागत नाही, पण काही गोष्टी माहीत असाव्या लागतात. त्या सांगते.

कधी आणि कुठे

उन्हाळ्यात शोधू नका. मृगाचा पाऊस पडून जमीन दोन-तीन दिवस ओली राहिली की सुरुवात करा. माझ्या वहीतल्या सगळ्यात जास्त नोंदी जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैअखेर या काळातल्या आहेत. कोसळत्या पावसात तो दिसत नाही. पाऊस थांबून तास-दीड तास झालेला, झाडांवरून अजून थेंब गळताहेत, वाळवीची पंखवाली पाखरं दिव्याभोवती फिरून खाली पडताहेत, अशी संध्याकाळ धरा. अंधार पडल्यापासून साडेदहापर्यंतची वेळ चांगली.

याला उडता येत नाही, त्यामुळे दिव्याकडे बघत बसून उपयोग नाही. दिव्यापाशी गेंड्या भुंगा येईल, शेणकिडे येतील, पतंग येतील. हा पायी येतो. म्हणून जिथे झाडी आणि वस्ती यांची कड जुळते, तिथे बघायचं. कंपाउंडच्या भिंतीचा पाया, पंपरूमच्या मागची न झाडलेली जागा, सागाच्या पानांचा थर, पावसाच्या पाण्याचं कोरडं गटार. भिंत आडवी आली की हा तिच्या कडेकडेने चालतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी भिंतीचा पायाच तपासते. मोकळ्या लॉनवर मला तो एकदाही भेटलेला नाही.

जंगलात जायचं असेल तर दिवसा जा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे आणि सगळं उद्यान 100 चौरस किलोमीटरहून मोठं आहे. तिथे बिबट्या आहे, त्याची फिरायची वेळ आणि भुंगेऱ्याची वेळ एकच. रात्रीचं दर्शन सोसायटीच्या कंपाउंडात किंवा दिवे असलेल्या रस्त्याच्या कडेलाच घ्यायचं. दिवसा येऊरमध्ये पाऊलवाटेवर हा भुंगेरा कमी दिसतो, पण त्याचे चुलत भाऊ, चमकदार रंगांचे वाघ-भुंगेरे, उन्हात तुमच्या पुढे पुढे चार-चार पावलं उडत बसतात. ते बघण्यासाठीही जावं. सकाळी लवकर, वाट न सोडता.

बरोबर काय घ्यायचं

एक टॉर्च. तिच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोन थर रबरबँडने बसवा. किड्यांना बहुतेक करून लाल उजेड नीट दिसत नाही, त्यामुळे ते आपलं काम थांबवत नाहीत. पांढरा झोत टाकलात की हा थबकतो आणि पाल्यात शिरतो, मग अर्धा तास गेला. पायात गमबूट हवेत. पाला हलवायला हातभर काठी हवी. मापाची टेप माझ्या गळ्यात असतेच. तुम्ही शाळेची पट्टी घ्या. फोटोत भुंगेऱ्याशेजारी पट्टी असली की आकाराबद्दल वाद राहत नाही. वही, पेन्सिल. झाकणाचा पारदर्शक डबा आणि एक जाड पुठ्ठा, हे कशाला ते पुढे येईल.

हातमोजे घातले तरी पाल्यात हात घालायचा नाही. पावसाळ्यात त्याच पाल्यात फुरसं असू शकतं, घोणस असू शकते. काठीने पाला सावकाश सरकवा. दगड उचलायचा असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटा, म्हणजे खाली जे असेल त्याच्या आणि तुमच्या मध्ये दगड राहतो. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच्या त्याच खाचेत परत ठेवा. दगडाखालची ओल हेच कित्येकांचं घर असतं. एकदा उलटून तसाच टाकलेला दगड दुसऱ्या दिवशी मी बघितला, खालची माती उन्हाने पांढरी पडली होती. त्यानंतर मी दगड उचलणंच जवळपास सोडलं.

कसं बघायचं

चालत शोधू नका. ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. पहिल्या वर्षी मी रोज रात्री कंपाउंडला चार फेऱ्या मारायचे आणि आठवड्यातून एखादा दिसायचा. दुसऱ्या वर्षी पंपरूमच्या मागे उलटी बादली टाकून बसायला लागले. 20 मिनिटं, टॉर्च जमिनीला समांतर धरून. वरून खाली झोत टाकला की सगळं सपाट दिसतं. आडव्या झोतात प्रत्येक पानाची सावली पडते आणि हलणारी सावली लगेच कळते. आधी कान लावा. सागाचं वाळकं पान जाड असतं, त्यावरून इतका मोठा भुंगेरा चालला की खरखर ऐकू येते. थांबून थांबून झाली तर पाल किंवा सरडा. सलग, एका लयीत झाली तर हा असण्याची शक्यता मोठी.

दिसला की उठू नका. तो तुमच्याकडे येऊ दे. जमिनीच्या थरथरीवरून त्याला पावलं कळतात असं मला वाटतं, कारण बसलेल्या माणसाजवळून तो बिनधास्त जातो.

एका रात्रीचं सांगते. वाळवीचं एक पंख झडलेलं पाखरू पानावर वळवळत होतं. हा साधारण वीतभर अंतरावर थांबला, मिशा पुढे केल्या, हवेत एक-दोनदा हलवल्या, आणि धावला. पुढे आलेले कोयत्यासारखे जबडे एकमेकांवर कात्रीसारखे आडवे गेले आणि पाखरू मधोमध दाबलं गेलं. मग तो गिळेल असं मला वाटलं, तर नाही. तो ते जबड्यात फिरवत राहिला, कणीक तिंबावी तसा, आणि तोंडातून गडद रस त्यावर आला. भाच्याने नंतर सांगितलं की या कुळातले बरेचसे भुंगेरे पाचक रस बाहेरच सोडतात, भक्ष्य तिथेच विरघळवतात आणि ओढून घेतात. चार-पाच मिनिटांनी खाली पडलं ते कोंडा झालेलं कवच.

त्यानंतर त्याने जे केलं त्यासाठी मी दर जूनची वाट बघते. पुढच्या पायाच्या नळीला आतल्या बाजूने एक छोटी खाच असते, तिच्यात बारीक केस असतात. त्याने मिशी वाकवली, खाचेत अडकवली आणि बुडापासून टोकापर्यंत सावकाश ओढून काढली. मग दुसरी. हाताने काज करायला घेण्याआधी मी दोरा मेणावरून ओढते, अगदी तीच हालचाल. मिशी हे त्याचं नाक आणि बोट दोन्ही आहे. मळलेली मिशी म्हणजे उपाशी राहणं.

हाच आहे हे कसं ओळखायचं

लांबी सुमारे 4 सेंटीमीटर. रंग काळा, ठिपके पांढरे किंवा सायीसारखे. मानेमागची ढाल आणि पंखांचा भाग यांच्यामध्ये स्पष्ट कंबर. पंखांची कवचं पाठीवर मधोमध एका रेषेत जुळलेली असतात, त्या रेषेला मी शिवण म्हणते. उडणाऱ्या भुंगेऱ्याची ही शिवण उघडते, याची उघडत नाही.

फसवणारी एक जात आहे आणि ती खरंच झुरळाची आहे. भारताच्या दक्षिणेकडच्या झुडुपी जंगलांतलं डॉमिनो झुरळ, थेरिया पेटिव्हेरियाना. तेही काळं, त्यावरही पांढरे ठिपके, तेही पाल्यात. ॲसिड मारणाऱ्या या भुंगेऱ्याची नक्कल करून ते पक्ष्यांपासून वाचतं असं मानतात. फरक सोपा आहे. झुरळ वाटोळं आणि लहान, त्याला कंबर नाही, डोकं ढालीखाली लपलेलं. भुंगेऱ्याचं डोकं पुढे काढलेलं आणि जबडे वरून दिसणारे. तेव्हा काका झुरळ म्हणाले होते त्यात त्यांची काही चूक नव्हती, नक्कलच तशी आहे.

बाकी काळे भुंगेरे पुष्कळ. जमिनीवरचा कुठलाही काळा भुंगेरा या कुळातला आहे की नाही हे पाहायचं असेल तर मागच्या पायाच्या पावलाचा जवळून फोटो घ्या आणि तुकडे मोजा. कॅराबिडी कुळात सगळ्या पावलांना पाच-पाच तुकडे असतात. त्यांच्यासारखेच दिसणारे, सावकाश चालणारे काळोखी भुंगेरे असतात, त्यांच्या मागच्या पावलाला चारच. शिवाय कॅराबिडी कुळात मागच्या मांडीच्या बुडाशी एक फुगीर तुकडा असतो, पायजम्याच्या जांघेत कळी घालतात तसा. एकदा डोळ्यांना सवय झाली की तो लांबूनही कळतो.

ॲसिडबद्दल

हे वाचल्याशिवाय बाहेर पडू नका. याच्या पोटाच्या टोकाशी ग्रंथी असतात आणि त्यांत फॉर्मिक आम्ल असतं. लाल मुंग्यांच्या डंखात असतं तेच, पण इथे पुष्कळ आणि जोरात. हा आम्लाची चिळकांडी मारतो, आणि नेम धरून मारतो. तिसऱ्या वर्षी मी शिवण नीट दिसावी म्हणून गुडघे टेकून तोंड जवळ नेलं. काठीचं टोक चुकून त्याला लागलं. नाकात चढणारा उग्र वास आला आणि त्याच क्षणी मनगट भाजल्यासारखं झालं. चष्म्याच्या काचेवर दोन थेंब होते. चष्मा नसता तर ते डोळ्यात गेले असते. दोन दिवस मनगटावर लाल चट्टा होता, कात्री धरताना दुखायचा.

म्हणून तोंड हातभर लांब ठेवा, चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, मुलांना मागे उभं करा. कातडीवर उडालं तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान 15 मिनिटं धूत राहा आणि मग थेट डॉक्टरकडे जा. कुत्रा पाळला असेल तर त्याला पट्ट्याने धरा, कुत्री नाक खुपसतात.

दगडाखाली कधी पिवळट-नारिंगी आणि काळ्या रंगाचा लहान भुंगेरा दिसला तर त्यालाही डिवचू नका. तो बाँबार्डियर, फेरोप्सोफस. त्याच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही दोन रसायनं एका पिशवीत साठवलेली असतात, धोका वाटला की ती दुसऱ्या कप्प्यात जातात, तिथल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) त्यांची झपाट्याने प्रक्रिया होते आणि फट् आवाज करून जवळजवळ 100 अंश सेल्सिअसचा फवारा बाहेर पडतो.

गटारात पडलेल्याला कसं काढायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुळगुळीत सिमेंटची गटारं, पार्किंगच्या उतारावरच्या चऱ्या, मीटरचे खड्डे, यांत पडला की उडता येत नसल्यामुळे तो वर येऊ शकत नाही. पाणी वाढलं की मरतो. डबा त्याच्यावर उपडा ठेवा, खालून पुठ्ठा सावकाश सरकवा, पुठ्ठ्यासकट उचला, तोंड बाजूला. सोडायचा तो जवळच्याच पाल्यात, ज्या दिशेला चालला होता त्या बाजूला. गाडीत घालून लांब जंगलात नेऊन सोडणं म्हणजे त्याला परक्या गावात टाकणं आहे. आणि गटारात कायमची एक फळी तिरपी टाकून ठेवा, खरखरीत बाजू वर करून. आमच्याकडे दोन फळ्या आहेत. त्यांवरून बेडूकही चढतात.

स्वतःच्या बागेत किती आहेत हे बघायचं असेल तर पडसापळा लावता येतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय कुठलाही प्राणी पकडणं गुन्हा आहे, म्हणून हा प्रयोग फक्त सोसायटीच्या आवारात, आणि पकडून लगेच सोडण्यासाठी. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा घ्या, तळाला तापवलेल्या दाभणाने आठ-दहा भोकं पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही. जमिनीत असा पुरा की काठ मातीच्या पातळीला येईल. काठ अर्धा सेंटीमीटर जरी वर राहिला तरी भुंगेरा वळसा घालून जातो, हे मी हरलेल्या सहा रात्रींनंतर शिकले. आत मूठभर ओला पाला टाका, नाहीतर पडलेले एकमेकांना खातात. वर दोन बोटं रुंद भोकांची जाळी, म्हणजे बेडूक पडणार नाही. तीन दगडांवर कौलाचा तुकडा, पावसासाठी. संध्याकाळी सातला उघडा, सकाळी सहाला न चुकता बघा, सोडा, झाकण लावा. सकाळी उठायची खात्री नसेल त्या रात्री सापळा उघडायचा नाही. मुंग्या लागल्या तर तासाभरात आतलं काही उरत नाही.

पाला

हा टिकायला पाला लागतो. मादी मातीत अंडी घालते, अळी मातीत शिकार करते, कोषही मातीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा सोसायटीत पाला जाळतात किंवा पोती भरून देतात. मी समितीत गेले आणि भिंतीच्या कडेने चार फूट रुंदीचा पट्टा मागून घेतला. तिथे झाडू नाही, पाणी नाही, फवारणी नाही. पाला टाचेइतका जाड राहू दिला, मध्ये गुलमोहराचा एक ओंडका अर्धा मातीत रुतवून ठेवला. लोकांची तक्रार डासांची होती; डास साचलेल्या पाण्यात होतात, पाल्यात नाही, हे कुंड्यांखालच्या बशा दाखवून पटवावं लागलं. एका जुलैत बागेच्या कंत्राटदाराने कुणाला न विचारता त्या पट्ट्यात वाळवीचं औषध मारलं. सकाळी 11 भुंगेरे उताणे पडलेले मी मोजले. पाय हलत होते. त्या वर्षी पुन्हा एकही दिसला नाही, पुढच्या वर्षी दोन, आणि त्यानंतर हळूहळू आले. म्हणून आता त्या पट्ट्यावर मराठी आणि हिंदीत पाटी आहे, आणि कंत्राटदार बदलला की नव्या माणसाला मी स्वतः ती जागा दाखवते.

नोंद ठेवा

तारीख, वेळ, पाऊस थांबून किती वेळ झाला, जागा, लांबी, काय करत होता. माझ्या नोंदी मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर असतात. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर ओळख तपासून देणारी माणसं तिथे भेटतात. अंगावरच्या खुणा जरूर लिहा, कारण तुटलेली मिशी किंवा अर्धा पाय यावरून तोच पुन्हा आला की दुसरा, हे कळतं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "19 जून, रात्री 9.40, पंपरूमच्या मागे, 41 मिमी, उजवा मागचा पाय गुडघ्याखाली नाही." आणि त्याच पानावर खाली: "6 जुलै, रात्री 8.55, गेटाजवळची भिंत, उजवा मागचा पाय गुडघ्याखाली नाही. तोंडात गोगलगाय." मधलं अंतर मी टेपने मोजलं. 38 मीटर.